जिभेआडच्यांसाठी: एक जाहीरनामा

आम्ही पुण्यात अद्भुतकथा लिहिणारी माणसं. आमच्या कथांमधली अमानवी मंडळी माणसांपासून लपून का राहतात, या प्रश्नाचं उत्तर आम्ही आजवर उसनं घेतलं. आजपासून ते बंद.

हॅरी पॉटरच्या जगात जादूगारांचा गुप्ततेचा कायदा १६९२ साली लागू होतो. त्यामागे युरोपचं खरं दुखणं आहे. तिथे चेटकीण ठरवून माणसं खरोखर जाळली गेली. त्या कथेला ते कारण शोभतं. आम्ही मात्र मुंजालाही तसंच गुप्त खातं आणि तसाच छुपा दरवाजा देत बसलो. मुंजाला दरवाजा कशाला? त्याचा पिंपळ कुठला, हे अख्ख्या आळीला ठाऊक असतं. साती आसरा कुठल्या डोहात, हे पाणी भरणाऱ्या प्रत्येकीला माहीत असे. रोज पहाटे शेकडो पुणेकर जिथे फिरायला जातात, त्या टेकडीचं नावच वेताळ टेकडी.

आपल्याकडचं अमानवी डोळ्यांआड नसतं, जिभेआड असतं. रात्री साप म्हणायचं नाही, लांबडं म्हणायचं. तिन्हीसांजेला नुसतं 'बाहेरचं' म्हणायचं. कोकणात 'जागेवाला' म्हटलं की पुढे कुणी विचारत नाही. सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट सगळ्यांनी मिळून न बोलण्याचा हा करार आहे. तो कोण मोडतं आणि का, तिथून आमची कथा सुरू होईल.

करार नकळतही मोडतो. वेताळ पेठेची गुरुवार पेठ झाली. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावाचं पाणी जमिनीखालच्या नळातून शहरातल्या हौदांत आलं. पुढे घरोघर नळ आले, हौद ओस पडले, काही बुजले. पाण्यातल्या आसरांनी मग कुठे जावं? पुण्याची अद्भुत कादंबरी आम्हाला या प्रश्नात दिसते. नारायण धारपांनी मराठी वाचकाला घरातल्या अंधाराची भीती दिली. ते ऋण मानून आम्हाला अंगणात, आडाकडे, वेशीकडे जायचं आहे.

एक गोष्ट स्पष्ट असू दे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून २० ऑगस्ट २०१३ रोजी याच शहरात, ओंकारेश्वराजवळच्या पुलावर झाला. त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. आम्ही लिहितो ती कल्पना आहे, हे आम्ही प्रत्येक व्यासपीठावर सांगू. भीतीचा बाजार मांडणाऱ्या कुठल्याही बाबाच्या हाती आमची कथा लागू देणार नाही. आणि कथेच्या सोयीसाठी कुठल्याही बाईला चेटकीण ठरवणार नाही. आपल्या समाजात जीव मुठीत धरून लपावं लागलं ते भुताला नाही, डाकीण म्हणून बोट दाखवलेल्या बाईला.

दामोदर धर्मानंद कोसंबी गणिती, पक्के विवेकवादी. तरी पुण्याभोवतीची म्हसोबांची, मातृदेवतांची ठाणी त्यांनी पायी हिंडून पाहिली. १९६२ च्या 'मिथ अँड रिअॅलिटी'त तो शोध आहे. श्रद्धा न ठेवताही शेंदराच्या दगडाजवळ थांबता येतं, हे आम्ही त्यांच्याकडून घेतलं.

येत्या अमावास्येला सकाळी सहा वाजता वेताळ टेकडीवर, देवळापाशी भेटू. येताना प्रत्येकाने घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून एक जागा आणावी: झाड, विहीर, रस्त्याचं वळण. तिथे कोण राहतं ते लिहू नका. त्याला घरात काय म्हणत, तेवढंच लिहून आणा.