फऱ्यावरचा हात

गेल्या पावसाळ्यात बंड्याने जिना सोडला. आमचा लॅब्राडोर, वय 11. पहिल्या पायरीशी उभा राहून वर बघायचा आणि मुकाट मागे फिरायचा. ‘लाडावलाय मेला,’ मी म्हणाले. कुत्र्याला दुखलं तर ते केकाटणारच, ही माझी समजूत. सांध्यांच्या जुन्या दुखण्याला कुत्री सहसा ओरडत नाहीत. उठायला वेळ लावतात, बसताना एक पाय बाहेर टाकतात, दुखरी जागा चाटत राहतात. बंड्याचं हे सगळं चालू होतं आणि मी त्याला आळशी ठरवून मोकळी झाले होते.

एक्स-रेत दोन्ही खुबे झिजलेले निघाले. लॅब्राडोरमध्ये खुब्याचा सांधा सैल असण्याचा दोष बराच आढळतो. डॉक्टरांनी औषध दिलं, वजन उतरवायला सांगितलं, गुळगुळीत फरशीवर सतरंज्या टाकायला लावल्या. आईने तोवर आपला बाम काढला होता. डॉक्टर जवळजवळ ओरडलेच. कुत्रं अंगाला लावलेलं चाटणार. बाममधला कापूर त्याला विषारी. आपल्या डोकेदुखीच्या गोळ्यांनाही हात लावायचा नाही.

मग मालिश शिकवायला एक बाई घरी आल्या. दुखणं मागे, म्हणून मी बंड्याचा पुठ्ठा पुढे केला. त्यांनी हात ठेवला तो फऱ्यावर. कुत्र्याच्या वजनातला साधारण 60 टक्के भार एरवीही पुढच्या पायांवर असतो. मागचे दुखायला लागले की ते अंग आणखी पुढे रेलतं. शिवाय आपल्यासारखं गळपट्टीचं हाड कुत्र्याला नसतं. पुढचे पाय धडाला जोडलेले असतात ते निव्वळ स्नायूंनी. झोळीत धरल्यासारखं धड त्यांच्यात तोललेलं असतं. ‘इथं दाबून बघा,’ बाई म्हणाल्या. फरा लाकडासारखा लागला. रोज कुरवाळणाऱ्या माझ्या हाताला हे कधीच कळलं नव्हतं.

पद्धत अगदी साधी. तेल नाही. सपाट तळवा मानेपासून शेपटीकडे, केसांच्या दिशेने, सावकाश. अंग सैलावलं की बोटांनी छोटी वर्तुळं, तीही मांसल भागावर. कण्यावर जोर द्यायचा नाही. सूज, ताप, जखम, गाठ असेल तर त्या दिवशी मालिश नाही. त्याने मान वळवून हाताकडे बघितलं, ओठ चाटले, कातडी थरथरली, तर हात उचलायचा.

आईला हे पसंत नाही. तिने चार नातवंडं तेलात रगडून काढलीत. ‘कोल्हापुरात पैलवानाला असं गोंजारलं तर उठून जाईल तो!’ तिचं निम्मं मला पटतं. झिजलेली कूर्चा मालिशने परत येत नाही, आणि सुगंधी तेलाच्या बाटल्या दाखवून तसं सांगणाऱ्यांचा मला राग येतो. आखडलेला स्नायू तेवढा सुटतो, रात्र बरी जाते. औषध सुरूच आहे, वजन चार किलोंनी उतरलंय. यातलं नेमकं कशाने काय झालं ते बंड्यालाच ठाऊक.

रात्री नऊला तो सतरंजीवर येऊन डाव्या कुशीवर पडतो. एक बाजू झाली की पूर्वी मी त्याला वळवायचे. आता कण्हत-कुथत स्वतःच वळतो आणि आईकडे बघतो. आई टीव्हीकडे बघत असते, पण पाय मात्र त्याच्यासाठी बाजूला घेते.

जिना तो अजूनही चढत नाही. माझं लिहायचं टेबल मी खाली आणलंय.