शाळेच्या गच्चीवर विमानांसाठी एक अँटेना

विमानांचे संदेश टिपणारा एक लहानसा रेडिओ-ग्राही प्रत्येक माध्यमिक शाळेने गच्चीवर बसवावा, असे मी सुचवले की शिक्षकमंडळींकडून हमखास एक प्रश्न येतो. ‘ते तर मोबाइलवर फुकट दिसते, मग हा उपद्व्याप कशाला?’

प्रश्न रास्त आहे. मोबाइलच्या नकाशावर विमाने सरकताना दिसतात, बोट लावले की उंची, वेग, कोठून कोठे चालले, सारे समोर येते. पण हा नकाशा तयार कसा होतो? तो बऱ्याच अंशी जगभरच्या हौशी माणसांनी आपापल्या छपरावर बसवलेल्या ग्राहींमुळे तयार होतो. फ्लाइटरडार२४ ही प्रसिद्ध सेवा २००६ साली स्वीडनमधल्या दोघा विमानवेड्यांनी सुरू केली. म्हणजे आपल्याला जे फुकट दिसते, त्यासाठी कोणीतरी तार कापलेली असते, छपरावर चढलेले असते. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या शाळांनी कायम पाहणाऱ्यांच्याच रांगेत का बसावे?

शिवाय माझी एक जुनी तक्रार आहे. अकरावीला येणारा विद्यार्थी ‘वेग बरोबर कंप्रता गुणिले तरंगलांबी’ हे सूत्र घडाघडा म्हणतो. (कंप्रतेला हवे तर वारंवारता म्हणा.) पण ‘रेडिओची एक लहर किती लांब, हाताने दाखव’ म्हटले की हात खिशातून निघत नाहीत. प्रयोगवही मात्र सुंदर असते. बहुधा गेल्या वर्षीच्या वहीवरून उतरलेली! विमाने १०९० मेगाहर्ट्झ कंप्रतेवर संदेश सोडतात. तीस कोटी मीटरला एकशे नऊ कोटींनी भागा. उत्तर सुमारे साडेसत्तावीस सेंटिमीटर, म्हणजे तुमच्या फूटपट्टीपेक्षा किंचित कमी. ही लहर बाकावर मावते.

आता विमान नेमके काय करते ते पाहू. त्यातील उपकरण उपग्रहांच्या मदतीने आपले स्थान ठरवते आणि सेकंदाला साधारण दोनदा ते कोणीही न विचारता जाहीर करते. या पद्धतीला एडीएस-बी म्हणतात. असा एक संदेश ११२ द्विमान अंकांचा असतो. प्रत्येक अंकाला एक मायक्रोसेकंद. स्पंद पहिल्या अर्ध्यात आला तर १, दुसऱ्या अर्ध्यात आला तर ०. आरंभीची खूण ८ मायक्रोसेकंदांची. एकूण १२० मायक्रोसेकंदांत काम संपते. तेवढ्या वेळात प्रकाश ३६ किलोमीटर जातो. नगरवरून जाणारे विमान संदेशाचा शेवटचा अंक सोडते तेव्हा पहिला अंक राहुरीच्या आसपास पोहोचलेला असतो! संदेशात विमानाचा २४ अंकी क्रमांक असतो. त्याचे पहिले सहा अंक १००००० असले की विमान भारतात नोंदलेले आहे असे समजावे. शेवटचे २४ अंक चूक पकडण्यासाठी राखलेले असतात.

एक गोष्ट शिक्षकांनी मुद्दाम सांगावी. संदेशातली नेहमीची उंची फूटपट्टीने मोजलेली नसते. ती हवेच्या दाबावरून काढलेली असते, आणि त्यासाठी समुद्रसपाटीचा दाब सर्वत्र १०१३.२५ हेक्टोपास्कल आहे असे धरलेले असते. हवा बदलली की तोच आकडा वेगळी खरी उंची दाखवतो. २०१७ च्या १ ऑक्टोबरला काकडी येथे सुरू झालेल्या शिर्डी विमानतळावर उतरणाऱ्या विमानांचे आकडे मे महिन्यात आणि जानेवारीत टिपून ताडून पाहा. दाबाचा धडा त्यानंतर फळ्यावर लिहावा लागणार नाही.

हे टिपायला लागते काय? संगणकाला जोडायची, अंगठ्याएवढी एक डोंगल. ती मुळात दूरचित्रवाणीचे कार्यक्रम पाहण्यासाठी बनवलेली. तिच्यातली चिप लहरींचे कच्चे आकडे जसेच्या तसे बाहेर देऊ शकते, हे २०१२ च्या सुमारास हौशी लोकांच्या ध्यानात आले आणि एका स्वस्त वस्तूचा सर्वकामी रेडिओ झाला. त्याच वर्षी साल्वातोरे सानफिलिपो या इटालियन प्रोग्रामरने हे संदेश उलगडणारा ‘डंप१०९०’ हा प्रोग्राम लिहून सर्वांना खुला केला. संगणक जुना असला तरी चालतो. खर्च काही हजार रुपयांचा. एका स्मार्ट बोर्डाच्या किमतीत तालुक्यातल्या कित्येक शाळांचे काम भागेल.

अँटेना मात्र विकत आणू नका. तांब्याच्या जाड तारेचे दोन तुकडे घ्या, प्रत्येक पाव लहरीएवढा, म्हणजे ६.९ सेंटिमीटरच्या किंचित आत. एक वर, एक खाली, मध्ये थोडी फट. डिशच्या केबलची मधली तार वरच्या तुकड्याला, जाळी खालच्याला. तुकडे उभेच हवेत, कारण विमानाकडून येणारी लहरही उभी डोलते. मग हीच अँटेना आडवी करून पाहा. तुकडे दहा सेंटिमीटरचे करून पाहा. मिनिटाला किती संदेश येतात ते दर वेळी लिहा. पावसाळ्यापूर्वी जोडावर चांगले सील लावा आणि आभाळ कडाडू लागले की केबल काढून ठेवा.

आता खरी गंमत. अकरा किलोमीटर उंचीवरचे विमान किती लांबून ऐकू यावे? पृथ्वी गोल आहे, आणि रेडिओलहरी हवेत किंचित वाकतात. हिशेब सोपा आहे : दोघांतील उंचीचा फरक मीटरमध्ये घ्या, त्याचे वर्गमूळ काढा, ४.१२ ने गुणा. नगर समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटरवर आहे. उत्तर चारशे किलोमीटरच्या थोडे पुढे जाते. सुरत त्या वर्तुळात येते. उलट मुंबईला उतरणारे विमान तीन हजार मीटरच्या खाली गेले की आपल्या क्षितिजाआड जाते.

अकोल्याच्या (विदर्भातले नव्हे, आपले अकोले) एखाद्या शाळेने हाच प्रयोग केला तर वर्तुळ मोडेल. पश्चिमेला तीसएक किलोमीटरवर १६४६ मीटरचे कळसूबाई उभे आहे, गावापेक्षा हजार मीटरहून अधिक उंच. ते आकाशाचे सुमारे दोन अंश झाकते. दोन अंश म्हणजे काहीच नाही असे वाटते ना? पण गणित करून पाहा. त्या दिशेला चारशेचा पल्ला दोनशेवर येतो. महिनाभर दर दिशेला सर्वांत दूरचे विमान टिपून आलेख काढला, तर कागदावर सह्याद्रीची सावली उमटेल. मोबाइलच्या नकाशावर ती कोठेच दिसत नाही, कारण तेथे अनेकांची माहिती एकत्र मिसळलेली असते.

याहून महत्त्वाचे म्हणजे, विमान जे सांगते ते खरेच असते का? ग्राहीला फक्त विमानाचे म्हणणे ऐकू येते. विमानालाच फसवले गेले तर? २०२३ च्या सप्टेंबरपासून इराक-इराणच्या परिसरात उपग्रहांचे खोटे संकेत सोडून विमानांची दिशाभूल केल्याच्या बातम्या येऊ लागल्या. अशा वेळी विमान प्रामाणिकपणे चुकीचे स्थान जाहीर करते आणि नकाशा ते तसेच दाखवतो. एकटी शाळा हे ओळखू शकत नाही. पण नगर, श्रीरामपूर, संगमनेर आणि कर्जत येथील चार शाळांनी एकच संदेश कोणत्या क्षणी आला ते ताडून पाहिले, तर विमान काहीही म्हणो, ते कोठे आहे हे काढता येते. एक मायक्रोसेकंदाचा फरक म्हणजे तीनशे मीटर. एवढी अचूक घड्याळे शाळांकडे कोठून येणार? युक्ती अशी की ज्या विमानाचे स्थान खात्रीचे आहे, त्याच्याच संदेशावर सर्वांनी आपली घड्याळे जुळवायची. हे काम जगात हौशी लोक करत आहेत. मला विचाराल तर प्रयोगशाळेतल्या दहा ठरावीक प्रयोगांपेक्षा हा एक मी आधी ठेवीन.

एक आक्षेप मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. बिनतारी उपकरणे बाळगण्यासंबंधी आपल्याकडे १९३३ साली कायदा झाला. तुमच्या आजोबांना घरच्या रेडिओसाठीसुद्धा पोस्टातून परवाना काढावा लागे. २०२३ मध्ये नवा दूरसंचार कायदा झाला आहे. तेव्हा मुलांनी परस्पर काही बसवू नये. मुख्याध्यापकांच्या सहीचे पत्र दूरसंचार विभागाच्या वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन शाखेकडे पाठवून, काय लागेल ते विचारून मगच सुरुवात करावी. वैमानिकांचे बोलणे ऐकणे हा वेगळा विषय आहे, त्यात पडू नये. नगर हे लष्करी ठाणेही आहे, म्हणून टिपलेली माहिती शाळेच्या वहीतच राहू द्यावी. आपला ग्राही स्वतः काही प्रक्षेपित करत नाही, एवढे पत्रात स्पष्ट लिहावे.

पत्राचे उत्तर येईपर्यंत एक काम करा. पृथ्वीगोल घ्या आणि हैदराबाद ते दुबई दोरा ताणून धरा. तो आपल्या जिल्ह्यावरूनच जातो.