प्रांताच्या जर्सीलाही हक्काची तारीख हवी

अ‍ॅश झाडाच्या लाकडाची काठी, टोकाशी चपटी आणि रुंद. त्या चपट्या टोकावर चामड्याचा लहानसा चेंडू तोलत एक मुलगी भन्नाट धावते आहे. बाजूने दुसरी काठी आडवी येते, चेंडू उडतो, आणि तो जमिनीला टेकायच्या आत ती त्याला टोला हाणते. आडव्या दांडीखालून जाळ्यात गेला तर तीन गुण, वरून गेला तर एक. ही आयर्लंडच्या बायकांची कमोगी, पुरुषांच्या हर्लिंगची सख्खी बहीण. तिचा पहिला जाहीर सामना १९०४ मध्ये नॅव्हन गावी झाला. २०१८ मध्ये युनेस्कोने हर्लिंगसोबत तिलाही मानवी वारशाच्या यादीत घेतले.

या खेळात काउंटी म्हणजे सर्वस्व. खेळाडू आपल्या मातीच्या संघाकडून खेळते, पैशासाठी दुसरीकडे जात नाही. यातच या खेळाचे मोठेपण आहे आणि त्याचा काचही. १९४८ ते १९६६ या १९ वर्षांत अखिल आयर्लंड विजेतेपद डब्लिनने १८ वेळा नेले. डब्लिनच्या के मिल्स यांच्या नावावर १५ विजेतेपदांची पदके आहेत. त्याच काळात एखाद्या दुबळ्या काउंटीत त्यांच्या तोडीची मुलगी जन्मली असती, तर तिचा खेळ कोणी आणि कुठे पाहिला असता?

याचे उत्तर १९५६ मध्ये सुरू झालेल्या गेल लिन करंडकाने दिले. लेन्स्टर, मन्स्टर, कॉनॉट आणि अल्स्टर या चार प्रांतांच्या निवडक संघांची ही स्पर्धा. आपल्याकडच्या दुलीप करंडकात विभागांचे संघ उतरतात, तशी. एरवी एकमेकींच्या पायात काठ्या अडकवणाऱ्या किलकेनी आणि वेक्सफर्डच्या मुली इथे एका जर्सीत येतात. अल्स्टरचे तर आणखी विशेष. या प्रांताच्या नऊ काउंट्यांपैकी सहा ब्रिटनच्या अखत्यारीतल्या उत्तर आयर्लंडमध्ये आहेत, तीन आयरिश प्रजासत्ताकात. देशाच्या सीमेने दुभंगलेला प्रांत मैदानावर एक संघ म्हणून उभा राहतो.

करंडकाला नाव मिळाले ते एका भाषासंस्थेचे. गेल लिन ही १९५३ मध्ये आयरिश भाषेसाठी स्थापन झालेली संस्था. तिने चित्रपट काढले, संगीताच्या तबकड्या काढल्या आणि बायकांच्या खेळालाही आपले नाव दिले. भाषा जगवायची तर ती मैदानावरही दिसली पाहिजे, हे या मंडळींना सत्तर वर्षांपूर्वी उमगले होते. भाषेच्या काळजीने सभा भरवणाऱ्या आपल्या संस्थांनी हा धडा जरूर घ्यावा.

वर्चस्व लेन्स्टर आणि मन्स्टरचेच राहिले, हे खरे. म्हणून अशा स्पर्धेला अर्थ नाही, असे म्हणणाऱ्यांनी पुरुषांच्या रेल्वे कपकडे पाहावे. १९२७ मध्ये सुरू झालेली ही आंतरप्रांतीय स्पर्धा डब्लिनच्या क्रोक पार्कवर सेंट पॅट्रिक दिनी, सुट्टीच्या दिवशी गर्दी खेचायची. पुढे तो दिवस क्लबांच्या अंतिम सामन्यांना गेला. प्रांतांचे सामने कधी या महिन्यात, कधी त्या, कधी या मैदानावर, कधी त्या, असे फिरत राहिले. प्रेक्षक पांगले, आणि मग प्रेक्षक नाहीत म्हणून स्पर्धाच गुंडाळली गेली. लोकांची आवड आधी मेली नव्हती. आधी तारीख गेली.

बायकांच्या खेळात तर तारखेसाठी, मैदानासाठी, साध्या कपड्यांसाठीही झगडावे लागते. १९८९ च्या अंतिम सामन्यात कॉर्कविरुद्ध किलकेनीच्या अँजेला डाउनी यांचा स्कर्ट ओढाताणीत फाटून निघाला. त्या थांबल्या नाहीत, चेंडू जाळ्यात घालूनच थांबल्या. हा किस्सा आयर्लंडमध्ये कौतुकाने सांगतात. खेळाडूंनी स्कर्टच घालायचा हा नियम मात्र पुढे कित्येक वर्षे तसाच राहिला. मे २०२५ मध्ये लेन्स्टरच्या उपांत्य सामन्याला डब्लिन आणि किलकेनी या दोन्ही संघांच्या मुली ठरवून शॉर्ट्स घालून उतरल्या. कपडे बदला, नाहीतर सामना रद्द, असे त्यांना सुनावण्यात आले. त्याच महिन्यात क्रोक पार्कवर कमोगी संघटनेचे विशेष अधिवेशन भरले आणि ९८ टक्के मतांनी खेळाडूंना निवडीची मुभा मिळाली. दोन कट्टर प्रतिस्पर्धी काउंट्यांच्या मुली खांद्याला खांदा लावून उभ्या राहिल्या नसत्या, तर हे इतक्या झटपट झाले नसते. प्रांताच्या संघात मुली नेमक्या अशाच एकमेकींच्या होतात.

पुरुषांचे खेळ, महिलांचा फुटबॉल आणि कमोगी या तिन्ही संघटना २०२७ पर्यंत एकत्र आणायचे घाटते आहे. तसे झाले तर मैदाने आणि वेळापत्रक एकाच टेबलावर ठरेल. त्या टेबलावर प्रांतांच्या कमोगीसाठी वर्षातला एक ठरलेला शनिवार-रविवार राखून ठेवला पाहिजे, पुरुषांच्या मोठ्या सामन्याला जोडून, क्रोक पार्कच्या त्याच हिरवळीवर.