बाउडन यांचे वय कशाला मोजता?

अमेरिकन फुटबॉलचे प्रशिक्षक बॉबी बाउडन यांच्या निवृत्तीवरील गेल्या अंकातले पत्र वाचले. त्यांनी जायला हवे होते, हे मान्य. ऐंशी वर्षांचे झाले म्हणून, हे मात्र पटत नाही. १९७६ मध्ये ते फ्लोरिडा स्टेट विद्यापीठात आले, तेव्हा फुटबॉल संघाने आधीच्या तीन हंगामांत मिळून अवघे चार सामने जिंकले होते. १९९९ च्या हंगामाचे राष्ट्रीय विजेतेपद मिळाले, तेव्हा बाउडन सत्तरीचे होते. वय तेव्हा कुठे आडवे आले? मोजायचे तर २००६, २००७ आणि २००९ मोजा : तिन्ही हंगामांत मैदानावर सात विजय, सहा पराभव.

विद्यापीठाचेही चुकलेच. २००७ मध्ये जिम्बो फिशर यांना उत्तराधिकारी ठरवले, मुदतीत पद न दिल्यास भरपाई कबूल केली. बाउडन यांचा शेवटचा हंगाम कोणता, हे मात्र मोघम ठेवले. एका म्यानात दोन तलवारी! (सहायकांनी ऐकायचे कोणाचे?) बाउडन यांना आणखी एक वर्ष हवे होते. फिशर यांनी २०१३ चे विजेतेपद मिळवले, त्यावरून बदल योग्य होता एवढेच दिसते. डिसेंबर २००९ मध्ये बाउडन यांच्या निवृत्तीबाबत जे घडले, ते दोन वर्षे आधीच समोरासमोर बसून ठरवता आले असते.

– एक वाचक, टॅलाहासी