रंग शेवटी, आधी पत्रा

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या दारात धाकट्या भावाचा जुना चारशे-सात उभा होता. गावात त्याला सगळे टेम्पो म्हणतात, भाऊ मात्र ट्रकच म्हणतो. द्राक्षांच्या हंगामात क्रेट, एरवी विटा, खताची पोती, कुणाचं घरसामान, जे मिळेल ते तो वाहतो. डिसेंबरात पासिंग होतं. मालवाहू गाडी आठ वर्षांची झाली की दर वर्षी फिटनेस करून घ्यावा लागतो, आणि हा ट्रक त्या वयाच्या केव्हाच पुढे गेलेला.

"भाईजान, गॅरेजवाला सांगतोय तो आकडा आपल्याला झेपणारा नाही," भाऊ म्हणाला. "आपणच मारू रंग. कॉम्प्रेसर भाड्यानं मिळतो. चार दिवसांचं तर काम."

त्यानं केलेली यादी माझ्या हातात दिली. निळा एनॅमल, पांढरा एनॅमल, थिनर, स्प्रे गन, पुट्टी, मास्किंग टेप. अठरा वर्षं वह्या तपासतोय, त्यामुळे कागद हातात आला की लाल पेन आठवतो. यादीत चूक अशी नव्हती. पण ती सगळी शेवटच्या दोन दिवसांची यादी होती. त्यात पत्री नव्हती, वॉटर पेपर नव्हता, प्रायमर नव्हता आणि मास्क तर नव्हताच.

आपल्या बहुतेक कामांच्या याद्या अशाच असतात. जे लोकांना दिसणार, त्याचं नाव वर. मला या लेखात एवढंच म्हणायचं आहे की जुनी गाडी घरी रंगवायची असेल तर जे शेवटी दिसणार नाही त्यावर आधी पैसे आणि दिवस खर्च करा. रंगकामातलं इमान तिथंच असतं, आणि माणसाचा जीवही तिथंच अडकलेला असतो.

बीएडला आम्हाला पाठ टाचण लिहायला लावत. उद्दिष्टं, शैक्षणिक साहित्य, पूर्वज्ञान, आणि मग कुठे पाठ. तेव्हा कंटाळा यायचा. आता कळतं की वर्गात पाऊल टाकायच्या आधीच पाठ अर्धा झालेला असतो. रंगकाम तर अर्ध्याहून जास्त. आम्हाला शेवटी अकरा दिवस लागले आणि त्यातले नऊ दिवस आम्ही निळ्या रंगाचा डबा उघडलाही नाही.

पहिला दिवस नुसता धुण्यात गेला. चाकांना उटी लावली, बॅटरीची वायर काढली, आणि सोडा, साबणाचं पाणी, काथ्या घेऊन आम्ही तिघं भिडलो. तिसरा माझा पुतण्या, यंदा दहावीला आहे. अनेक जण धुण्याआधीच घासायला घेतात. तेलकट पत्रा घासला की तेल ओरखड्यांत जाऊन बसतं आणि वर दिलेला रंग महिन्या-दोन महिन्यांत पापुद्र्यानं निघतो. म्हणून आधी धुणं, मग थिनरच्या फडक्यानं पुसणं, आणि मग पेपर.

जुना रंग कोणता आहे, हेही आधी पाहून घ्यावं. सीटमागच्या लपलेल्या जागी थिनरचं फडकं घासायचं. रंग विरघळून फडक्याला लागला तर तो बहुधा एनसी. सुरकुत्या पडून फुगला तर एनॅमल. काहीच झालं नाही तर दोन डब्यांचा पीयू. एनॅमलवर एनसी मारला तर त्यातलं थिनर खालचा थर उचलतं आणि सगळा पत्रा भाजलेल्या पापडासारखा होतो. दोन मिनिटांची ही चाचणी आठवड्याची मेहनत वाचवते. आमचा एनॅमल निघाला, म्हणून आम्ही एनॅमलच ठेवला.

तिसऱ्या दिवशी खरा प्रकार घडला. केबिनमध्ये ड्रायव्हरच्या पायाखाली, क्लचजवळ पत्रीनं टोकरलं तर तळहाताएवढी खपली निघाली. खाली गंजाचा चुरा. चुरा झटकला तर त्यातून आमचं अंगण दिसलं.

भाऊ गप्प बसला. कारण ती पुट्टी आम्हीच भरली होती. सात वर्षांपूर्वी, अशाच एका पासिंगच्या आधी. एका दिवशी पुट्टी, दुसऱ्या दिवशी रंग, तिसऱ्या दिवशी पासिंग. कुणी पकडलं नाही, आणि आम्हाला वाटलं, निभावलं. त्या जागेवर टाच टेकवून भाऊ सात वर्षं क्लच दाबत होता. घाटात, पावसात, रात्री-बेरात्री.

मदरशात किंवा जुम्याच्या बयानात आपल्यापैकी अनेकांनी एक प्रसंग ऐकला असेल. इतर वाचकांसाठी सांगतो, सहीह मुस्लिम या हदीससंग्रहात तो आहे. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारात धान्याच्या एका राशीजवळ थांबतात आणि राशीत हात घालतात. बोटांना ओल लागते. वरचं धान्य कोरडं, आतलं भिजलेलं. व्यापारी म्हणतो, पाऊस लागला. त्यावर त्याला विचारलं जातं, मग ओलं धान्य लोकांना दिसेल असं वर का ठेवलं नाहीस? हा प्रसंग आपण दुधात पाणी घालणाऱ्याला सांगतो. पुट्टीला कधी लावत नाही. उलट "विकायच्या आधी जरा रंग मारून घे" हा सल्ला आपण किती सहज देतो, आणि घेणारा बहुधा आपल्यासारखाच हातावर पोट असलेला ड्रायव्हर असतो.

आम्ही तो पत्रा कापला, वेल्डरला बोलावून नवा तुकडा लावून घेतला. भोकावर पुट्टी हा इलाजच नव्हे. पुट्टी ओल शोषते, आणि गंजावर भरली तर आतून गंजाला पोसते. ती घासून स्वच्छ केलेल्या पत्र्यावर, उथळ पोच्यापुरती, पातळ थरातच भरावी. तसाच दुसरा गैरसमज रेड ऑक्साइडचा. त्याचा रंग गंजासारखा, म्हणून ते गंजावरचं औषध, असं लोक समजतात. ते औषध नाही, पांघरूण आहे. आधी पत्रा पांढरा होईपर्यंत घासायचा आणि त्याच दिवशी, संध्याकाळचं दव पडायच्या आत प्रायमर द्यायचा. उघडा पत्रा रात्रभर राहिला तर सकाळी त्यावर पुन्हा तांबूस छटा येते.

आता हत्यारांचं. घरी करणाऱ्यानं फार काही घ्यायला नको. एक चांगली पत्री, दोन तारेचे ब्रश, आणि मोठ्या भागासाठी भाड्यानं ग्राइंडर. तारेचा ब्रश लावलेल्या ग्राइंडरमधून तारा सुटून उडतात आणि ठिणग्याही पडतात, म्हणून डोळ्यांवर चष्मा हवाच, आणि डिझेलच्या टाकीजवळ तो चालवू नये. पेपर ८० नंबरचा गंजासाठी, १२० ते १८० रंगाच्या कडा मिळवण्यासाठी, ३२० प्रायमरवर आणि ४०० शेवटच्या हाताआधी, पाण्यातून. पेपर नुसत्या बोटांनी न घासता लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळून घासावा, नाहीतर बोटांच्या खळग्या पत्र्यावर उमटतात. कॉम्प्रेसर आम्ही घेतलाच नाही. भाड्याचा छोटा कॉम्प्रेसर मध्येच दम टाकतो, हवेबरोबर पाण्याचे थेंबही सोडतो, आणि शिकाऊ हातानं गन चालवली की रंगाचे ओघळ ठरलेले. चांगला ब्रश आणि फोमचा रोलर यांनी एनॅमल नीट लागतो. आरशासारखी चमक आली नाही, पण ट्रकला वरात काढायची नव्हती.

कॉम्प्रेसरचे वाचलेले पैसे आम्ही मास्कला घातले. याबद्दल मी जरा जोर देऊन बोलणार आहे.

भारतात घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिसं ९० पीपीएमपेक्षा जास्त नसावं, असा नियम २०१६ मध्ये झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. पण तो घरगुती रंगांपुरता आहे, गाड्यांच्या रंगांपुरता नाही. जुन्या पिवळ्या, केशरी, लाल रंगांत लेड क्रोमेटसारखी शिसं असलेली द्रव्यं वापरली जात. ट्रकवाल्यांचे लाडके रंग नेमके हेच. असा जुना थर कोरडा घासला की ती धूळ अंगणात उडते, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते, आणि रांगणाऱ्या मुलाच्या हातावाटे तोंडात जाते. शिशाचा सर्वांत जास्त त्रास लहान मुलांच्या मेंदूला होतो. म्हणून जुना रंग पाण्यातून घासायचा, टॉर्चनं जाळायचा नाही, खाली प्लास्टिक अंथरायचं, कचरा ओला करून गोळा करायचा, कामाचे कपडे घरच्यांत धुवायचे नाहीत, आणि मुलांना त्या दिवसांत दुसरीकडे खेळायला पाठवायचं.

तोंडाला बांधलेला रुमाल धूळ अडवत नाही. धुळीसाठी निदान एन-९५ हवा. थिनरच्या वाफांना तोही पुरत नाही, त्यासाठी कार्बनची डबी असलेला मास्क लागतो. पीयू रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्यानं दमा जडू शकतो. तो गननं मारायचा तर बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क लागतो. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की पीयू घरी गननं मारूच नये.

झाकायला कागद हवा होता, तेव्हा पुतण्यानं कपाटावरची उर्दू वर्तमानपत्रं आणली. आईनं लगेच काढून घेतली. त्यांत अल्लाहची, प्रेषितांची नावं असतात, त्यावर रंग सांडणार, पाय पडणार. मग त्यानं मराठी वर्तमानपत्रं आणली. आई म्हणाली, "त्यात कुणाच्या देवाचं नाव नसतं का?" दोन्ही भाषा शिकवणाऱ्या माझ्यासारख्या मास्तराला हे आधी सुचायला हवं होतं. आम्ही खाकी कागद आणला. थिनर लागला की वर्तमानपत्राची शाई पत्र्यावर उतरते, त्यामुळे कामाच्या दृष्टीनंही तेच बरं झालं.

कागदपत्रांच्या बाजूनं तीन गोष्टी सांभाळा. आरसीवर गाडीच्या रंगाची नोंद असते, त्यामुळे रंग बदलायचा तर आरटीओत नोंदही बदलावी लागते. आम्ही निळाच ठेवला. चेसिस नंबरावर घासकाम करू नका आणि जाड रंगही चढवू नका, पासिंगला त्याची पेन्सिल प्रिंट घेतात. आणि रिफ्लेक्टर टेप, पुढे पांढरी, बाजूंना पिवळी, मागे लाल, ती रंगाखाली जाऊ देऊ नका. मागच्या फळीवर "हॉर्न ओके प्लीज" पुन्हा लिहायचं भावाच्या मनात होतं. महाराष्ट्रात २०१५ पासून त्याला बंदी आहे, हे सांगितल्यावर तो खट्टू झाला.

भावाचा एक आक्षेप मात्र खरा होता. "अकरा दिवस गाडी उभी म्हणजे अकरा दिवसांचं भाडं बुडालं. हप्ता कोण भरणार?" तयारीची खरी किंमत पेपर-प्रायमरची नसते, थांबलेल्या चाकांची असते. माझं उत्तर असं की सगळी गाडी जमत नसेल तर यंदा केबिन आणि फ्लोअर करा, बॉडी पुढच्या वर्षी. पण जेवढी कराल तेवढी खाली पत्र्यापर्यंत करा.

१९३७ साली वर्ध्यात शिक्षण परिषद भरली. हातकामातून शिक्षणाचा आराखडा तिथं नेमलेल्या समितीनं केला, आणि तिचे अध्यक्ष होते डॉ. झाकीर हुसैन. आज ते हातकाम शाळेत कार्यानुभवाच्या तासापुरतं उरलंय, आणि त्या तासाला बहुधा गणिताचे सर येतात. हातकाम शिकतात ती माझ्या वर्गातून गळालेली मुलं, गॅरेजांत. "सर, अस्सलामु अलैकुम" म्हणत गाडीखालून बाहेर येतात तेव्हा त्यांच्या पापण्यांवर प्रायमरची भुकटी असते आणि तोंडाला रुमाल. अब्बांच्या काळात ज्या उस्तादांनी हा ट्रक रंगवला, ते आता जिन्याच्या चार पायऱ्यांत थांबून दम घेतात. रंगामुळेच झालं असं मी म्हणणार नाही, मी डॉक्टर नाही. पण आयुष्यभर त्यांनीही रुमालच बांधला होता.

आमचा ट्रक पास झाला. रंग जवळून पाहिला तर ब्रशच्या रेघा दिसतात. फ्लोअर कुणी वाकून पाहिला नाही, पाहायचं कारणही नव्हतं.

तुम्ही स्वतः रंगवत नसाल, गॅरेजला गाडी देत असाल, तर एक करा. रंगाची शेड निवडून झाली की घासकाम करणाऱ्या पोराकडे मास्क आहे का, ते विचारा. नसेल तर तो बिलात धरायला सांगा आणि ते पैसे आधी द्या.