पट्ट्या आपोआप हलतील, शिकायचे आपल्यालाच आहे



मागील पालकसभेत एक सूचना पुढे आली. आपल्या शाळेत संगीत-शिक्षकाची जागा रिकामी आहे. ती भरण्याऐवजी प्रार्थनेला आणि स्नेहसंमेलनाला साथीच्या तयार फाइली संगणकावरून वाजवाव्यात, म्हणजे खर्च वाचेल आणि चुकाही होणार नाहीत, असे त्या सूचनेचे म्हणणे होते. सूचना सद्‌भावनेने आलेली आहे, म्हणून तिचा नीट विचार व्हायला हवा.

यंत्राची बाजू जिथे सर्वांत बळकट आहे, तिथेच ती तपासून पाहू. स्वयंचलित पियानो हे असे यंत्र आहे. त्यात स्पीकरमधून आवाज येत नाही. खऱ्या पियानोच्या पट्ट्या माणूस नसताना खाली-वर होतात, खरे हातोडे खऱ्या तारांवर पडतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत एडविन व्होटी यांनी ‘पियानोला’ बनवला. कागदाच्या गुंडाळीवर भोके पाडलेली असत आणि हवेच्या दाबाच्या युक्तीने त्या भोकांप्रमाणे पट्ट्या दाबल्या जात. १९०४ साली जर्मनीच्या वेल्टे कंपनीने वादकाच्या हाताचा जोरही पुन्हा उमटवणारे यंत्र आणले. १९०५ साली प्रसिद्ध संगीतकार माहलर यांनी स्वतः त्यासाठी वाजवले.

आज कागदाची जागा ‘मिडी’ फाइलीने घेतली आहे. ही पद्धत १९८३ मध्ये आली. या फाइलीत आवाज नसतो, फक्त सूचना असतात: कोणती पट्टी, केव्हा, किती वेळ आणि किती जोराने. नेहमीच्या मिडीत हा जोर १ ते १२७ अशा अंकांत लिहितात. पियानोतील विद्युतचुंबक त्याप्रमाणे पट्ट्या हलवतात. ग्लेन गूल्ड हे कॅनडाचे थोर पियानोवादक १९८२ साली वारले. त्यांच्या १९५५ च्या ध्वनिमुद्रणातून संगणकाने अशी फाइल तयार केली आणि २००६ मध्ये टोरांटोत श्रोत्यांसमोर रिकाम्या बाकामागे पियानो वाजला. हे विज्ञानाचे मोठे यश आहे. आमच्या विद्यार्थ्यांनी ते अवश्य समजून घ्यावे.

परंतु या यंत्राला ऐकू येत नाही. तारा उतरून पियानो बेसूर झाला, तरी ते तितक्याच निष्ठेने वाजवत राहते. समोरचा गायक दमला, अडखळला, तरी ते थांबत नाही. आपल्या प्रार्थनेचेच उदाहरण घ्या. पाचवीची मुले कधी वरच्या पट्टीत सुरू करतात, कधी खालच्या. पेटीवर बसलेली मुलगी एका क्षणात आपला सा बदलते आणि सगळ्यांना सांभाळून नेते. याला आपल्याकडे साथ म्हणतात. फाइल नुसती वाजते, तिच्यामागे मुलांनाच धावावे लागते.

अमेरिकेतील बँडचे प्रमुख जॉन फिलिप सूसा यांनी १९०६ मध्येच लेख लिहून इशारा दिला होता की, यंत्रे वाजवू लागली की सामान्य घरांतली माणसे शिकण्याचे कष्ट सोडून देतील. त्यांची भीती सगळीच खरी ठरली असे नाही. जगात आजही असंख्य मुले पियानो शिकतात. पण ती शिकतात, कारण कोणीतरी त्यांच्या शेजारी बसून शिकवते.

आपल्या ग्वाल्हेरला तर हा धडा दूरदेशातून घ्यायला नको. पं. विष्णु नारायण भातखंडे यांनी शेकडो बंदिशी स्वरलिपीत उतरवल्या. स्वरलिपी म्हणजेही सूचनाच: कोणता स्वर, केव्हा, किती मात्रा. तेवढ्याने काम भागले असते तर पुस्तके वाटून ते थांबले असते. परंतु १९१८ साली त्यांच्याच मार्गदर्शनाने आणि माधवराव शिंदे यांच्या आश्रयाने येथे माधव संगीत विद्यालय सुरू झाले. लिहिलेले जपून राहते, पण ते गळ्यात उतरायला समोर गुरू लागतो, हे त्या मंडळींना ठाऊक होते. शंभर वर्षांनंतर त्याच गावातील मराठी शाळेने नुसत्या फाइलीवर समाधान मानावे, हे आम्हाला पटत नाही.

यंत्राला आमचा विरोध नाही. मिडी फाइलीचा वेग कमी केला तरी स्वर उतरत नाहीत. तिच्यातला एक भाग बंद करून तेवढाच विद्यार्थ्याला वाजवता येतो. रियाजासाठी ही मोठी सोय आहे. शाळेतील संगणक त्या कामी जरूर लावावा.

मात्र आमचे स्पष्ट मत असे की, संगीत-शिक्षकाची जागा याच सत्रात भरावी. प्रार्थनेची साथ प्रत्येक वर्गाने आठवडा-आठवडा वाटून घ्यावी. स्नेहसंमेलनात निदान समूहगीते तरी मुलांच्याच पेटी-तबल्यावर व्हावीत. त्यात चुका होतील, ताल मागेपुढे होईल, पाहुण्यांसमोर थोडे ओशाळायलाही होईल. पालकांनी तेवढे सोसावे, ही विनंती. बिनचूक कार्यक्रम ऐकायचा तर तो घरी मोबाइलवरही ऐकता येतो. आपण मुलांना शाळेत पाठवतो ते त्यांनी स्वतः काही करायला शिकावे म्हणून.

विश्वस्त मंडळाच्या पुढील बैठकीत हा विषय ठेवला आहे. पालकांनी आपली मते लेखी कळवावीत. विरुद्ध मतांचाही आम्ही आदरपूर्वक विचार करू.