तांबड्या झोतातला मॅकबेथ

'मॅकबेथ'मधलं रक्त म्हणजे अपराधभावाचं प्रतीक, असा निकाल एका व्यासंगी समीक्षकांनी नुकताच पुन्हा दिला आहे. खून झाला, मन खाऊ लागलं, हात लाल दिसू लागले. तेव्हा रंगमंचावर ओलं-लाल काही नको, एक तांबडा झोत पुरे! सिद्धान्त स्वस्त आहे. विचाराचाही खर्च नाही.

पण मग पहिल्या अंकाचं काय करायचं? दुसऱ्याच प्रवेशात रक्तबंबाळ सैनिक डंकन राजासमोर येतो. मॅकबेथनं बंडखोर मॅकडोनवाल्डला बेंबीपासून जबड्यापर्यंत कसा उभा चिरला आणि त्याचं मुंडकं तटावर कसं लावलं, हे तो रंगवून सांगतो. राजा शहारतो का? छे, वाहवा करतो. सांगणाऱ्याच्या जखमाही त्याला शोभून दिसतात. प्रवेश संपण्याआधी मॅकबेथला कॉडरची सरदारकी बहाल होते. इथं रक्त हे प्रशस्तिपत्रक आहे. पुढं त्याच हातांनी, झोपलेल्या, पाहुणा आलेल्या, नात्यातल्या राजाचा खून होतो, तेव्हा रक्त बदलत नाही. घर आणि बिछाना बदलतो. आणि शेवट? सरदार मॅकडफ मॅकबेथचं कापलेलं डोकं घेऊन येतो, जयजयकार होतो, नवा राजा माल्कम सरदारांना अर्लच्या पदव्या वाटतो. म्हणजे मुंडकं आणि बक्षिसी यांनी सुरू झालेलं नाटक मुंडकं आणि बक्षिसी यांवरच संपतं. या दोन्ही टोकांना अपराधभाव कुणाच्या मनात आहे, ते समीक्षकांनी दाखवावं. मधल्या दोन-तीन प्रवेशांवर आख्खं नाटक तोलायचं, ही त्यांची जुनी खोड.

ही मंडळी पूर्वी चेटकिणींनाही मॅकबेथच्या मनाचे खेळ म्हणत असत. पण मॅकबेथच्या जोडीचा सेनापती बँको यालाही त्या दिसतात, त्याच्याशी बोलतात. तो कुणाच्या मनानं पाहतो, हे तेव्हाही विचारलं होतं. उत्तर आलं नाही, नवा लेख आला.

मधल्या प्रवेशांतलं रक्तही बघा: डंकनच्या झोपलेल्या पहारेकऱ्यांच्या तोंडाला लेडी मॅकबेथ रक्त फासते, तो तर सरळ खोटा पुरावा. बँकोचं भूत फक्त मॅकबेथला दिसतं, एवढा अपराधभाव समीक्षकांना हवा तर देऊन टाकतो.

माझं म्हणणं साधं आहे: या नाटकात रक्त आधी वस्तू आहे. ते अंगाला लागतं, धुवावं लागतं. मेजवानीच्या दारात मॅकबेथनंच पाठवलेला मारेकरी चेहऱ्यावर बँकोचं रक्त घेऊन उभा राहतो आणि मॅकबेथला ते बँकोच्या अंगात असण्यापेक्षा तिथं असलेलं बरं वाटतं. 1611 मध्ये लंडनच्या ग्लोब नाट्यगृहात हे नाटक पाहणाऱ्या सायमन फोरमन या ज्योतिषी-वैद्यानं नवरा-बायकोच्या हातांवरचं रक्त काही केल्या धुतलं जाईना, अशी आठवण टिपून ठेवली आहे. प्रतीक पाहिल्याची नोंद त्यात नाही. पाचव्या अंकात झोपेत चालणाऱ्या लेडी मॅकबेथलाही आधी आठवतं ते म्हाताऱ्या डंकनच्या अंगातलं रक्त केवढं होतं ते, आणि मग तिला त्याचा वास येतो. अरबस्तानातली सगळी अत्तरंही तिला तो घालवायला अपुरी वाटतात. तांबड्या झोताला वास कुठून आणायचा, ते समीक्षकांनी दिग्दर्शकाला कळवावं.